वाचकांचे प्रश्न : कुस्कोला जाताना

गेल्या अंकात बटाटा, मिरची आणि पेर या आपल्या स्वयंपाकघरात व परसात रुळलेल्या अमेरिकी पाहुण्यांविषयी लिहिताना पेरू देशातील कुस्को या, स्पॅनिशांपूर्वी तिथे राज्य करणाऱ्या इंकांच्या जुन्या राजधानीचा उल्लेख ओघात आला होता. त्यावर अपेक्षेपेक्षा जास्त पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर कुस्को आणि त्याच्या आसपासचे इंकाकालीन अवशेष यांनाच देत आहे. (फळाचे नाव देशावरून पडले का, असे दोघांनी विचारले आहे. आपल्या ‘पेर’ किंवा ‘पेरू’ या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘पेरा’ म्हणजे नाशपती या शब्दात आहे, असे सामान्यतः मानले जाते. देशाशी झालेले साम्य योगायोगाचे आहे.)

प्रश्न : आम्ही पती-पत्नी अनुक्रमे ६७ आणि ६४ वर्षांचे असून दोघेही निवृत्त आहोत. एका सहलीत लिमाहून सकाळी विमानाने कुस्को, त्याच दुपारी आसपासचे अवशेष, दुसऱ्या दिवशी पहाटे माचू पिचू आणि तिसऱ्या दिवशी परत लिमा असा कार्यक्रम दिला आहे. समुद्रकाठी जन्म गेलेल्या माणसांना तिथली उंची सोसेल का? (एक वाचक, वास्को)

उत्तर : उंची कदाचित सोसेल, पण हा कार्यक्रम सोसणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. गोव्यातले सर्वांत उंच शिखर सोंसोगड १,२०० मीटरच्या आतच संपते, हे लक्षात घेतले की आपल्या शरीराला हा अनुभव किती अनोळखी आहे याची कल्पना येईल. तिथे हवेचा दाब कमी असल्यामुळे एका श्वासातून मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश असतो. शरीर याच्याशी जुळवून घेते, पण त्याला त्यासाठी दिवस लागतात, आणि लिमाहून निघालेले विमान सव्वा-दीड तासात आपल्याला तिथे नेऊन सोडते. रोज मिरामार ते दोनापावला चालणारा धडधाकट माणूसही पहिल्या रात्री डोके धरून बसू शकतो, कारण या त्रासाचा तरुणपणाशी किंवा व्यायामाशी फारसा संबंध नाही.

पहिल्या खेपेला मीही अशाच घाईच्या सहलीने गेलो होतो. विमानातून उतरल्यावर तीन तासांत आम्हाला शहराबाहेरच्या साक्सायवामान या इंकाकालीन अवशेषाच्या तटापाशी उभे केले गेले, आणि त्या दुपारची माझी ठळक आठवण म्हणजे माझे स्वतःचे बूट, कारण मान वर केली की भोवळ येत होती. ज्या भिंती पाहण्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडली त्या मी नीट पाहिल्या त्या चार वर्षांनी, दुसऱ्या खेपेला.

आपण क्रम उलटा करावा. पुष्कळांना ठाऊक नसते की माचू पिचू कुस्कोहून जवळजवळ १,००० मीटरने खाली, सुमारे २,४३० मीटरवर आहे, आणि दोहोंच्या मध्ये असलेले उरुबांबा नदीचे खोरे २,८०० ते २,९०० मीटरच्या आसपास आहे. म्हणून कुस्कोच्या विमानतळावरून शहरात न थांबता मोटारीने थेट खोऱ्यात उतरावे, उरुबांबा किंवा ओयान्तायताम्बो येथे दोन रात्री राहावे, तिथूनच रेल्वेने माचू पिचू करावे आणि शरीर थोडे सरावल्यावर कुस्कोला चढून येऊन तीन रात्री मुक्काम करावा. एकूण पाच रात्री धरल्या तर घाई होणार नाही. सहल कंपनी हे ऐकणार नसेल तर लिमापर्यंतच त्यांच्याबरोबर जाऊन पुढचे स्वतः ठरवावे. खोऱ्यात लहान-मोठी निवासस्थाने पुष्कळ आहेत.

निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटणे या वयात आवश्यक आहे. हृदय, फुप्फुसे किंवा रक्तदाब यांच्या तक्रारी असतील तर ते काय ते सांगतीलच. शिवाय उंचीच्या त्रासावर आगाऊ घ्यायची अॅसिटाझोलामाइड ही गोळी आपल्याला चालेल की नाही, हेही तेच ठरवू शकतात, कारण सल्फा औषधांची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांच्या बाबतीत सावधगिरी बाळगावी लागते. तिथे पोहोचल्यावर पहिले दोन दिवस जेवण हलके, पाणी भरपूर, दारू वर्ज्य आणि चाल कासवाची. डोकेदुखी, मळमळ आणि तुटक झोप हे नेहमीचेच. मात्र स्वस्थ बसले असतानाही धाप लागू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात असंबद्धता आली तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि खाली उतरावे.

प्रश्न : मे महिन्याची सुटी सोडून जूनमध्ये गेल्यास चालेल का? तिकिटे आधी काढावी लागतात का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : जून चालेल, एवढेच नव्हे तर आपल्याकडे आगोठ लागते तेव्हा तिथे कोरडा हंगाम भरात असतो. मे ते सप्टेंबर आकाश निरभ्र आणि ऊन कडक असते, पण सूर्य डोंगराआड गेला की थंडी झोंबते आणि जून-जुलैच्या रात्री पारा शून्याच्या आसपास जातो, तेव्हा लोकरीचे कपडे न्यावेत. २४ जूनला इन्ती रायमी हा सूर्योत्सव असतो. दक्षिण गोलार्धातला तो हिवाळ्याचा मध्य. स्पॅनिश राजवटीत बंद पाडलेला हा सोहळा १९४४ साली नाट्यरूपाने पुन्हा सुरू झाला आणि आता साक्सायवामानच्या पटांगणावर हजारो लोकांसमोर होतो. गर्दी आणि वाढलेले दर यांचे वावडे असेल तर मेचा उत्तरार्ध किंवा सप्टेंबर मला अधिक बरा वाटतो. जानेवारी-फेब्रुवारी पावसाचे, माचू पिचूला पायी नेणारी प्रसिद्ध इंका वाट तर फेब्रुवारीभर दुरुस्तीसाठी बंदच असते.

माचू पिचूचे तिकीट आधीच काढावे, कारण तिथे रोज ठरावीक संख्येनेच लोक सोडतात आणि तिकिटावर पासपोर्ट क्रमांक, तारीख, वेळ व आत फिरायचा मार्ग हे सारे छापलेले असते. काही महिने आधी पाहिल्यास हवा तो मार्ग मिळतो. पायथ्याच्या आग्वास काल्येन्तेस या गावापर्यंत कुस्कोहून मोटाररस्ता नाही. रेल्वेने तिथे उतरून पुढे बसने वर जावे लागते, तेव्हा रेल्वेचे आरक्षणही बरोबरच करावे. कुस्को आणि खोऱ्यातील बहुतेक इतर अवशेषांसाठी मात्र एकच सामायिक तिकीट मिळते, जे १६ ठिकाणी चालते आणि पूर्ण स्वरूपात १० दिवस टिकते. कुस्कोचे कॅथेड्रल, कोरिकांचा हे सूर्यमंदिर आणि मारासची मिठागरे यांत धरलेली नाहीत. त्यांचे पैसे वेगळे.

भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा पुरेशा मुदतीचा व्हिसा हाती असलेल्यांना सवलत आहे, पण नियम बदलत असल्यामुळे नवी दिल्लीतील पेरूच्या दूतावासाकडून खात्री करून घ्यावी. आपल्याकडे ज्यांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आहे त्यांना पर्यटनासाठी व्हिसाची गरज नाही. मात्र पासपोर्ट कोणताही असो, पीतज्वराची लस विसरू नये. पेरू हा पीतज्वराचा देश मानला जात असल्याने तिथून भारतात परतताना लसीचे प्रमाणपत्र मागतात, आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होते. साठी ओलांडलेल्यांनी ही लस प्रथमच घ्यायची असेल तर डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी.

प्रश्न : मी स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. इंकांच्या भिंतींत चुना नाही आणि त्यांच्याकडे लोखंड नव्हते, असे वाचले. मग दगडांच्या सांध्यात सुरीचे पातेही जात नाही हे कसे? वनस्पतीच्या रसाने दगड मऊ करत, हे खरे आहे का? (एक विद्यार्थी, साखळी)

उत्तर : रसाची गोष्ट तिथले वाटाडेही रंगवून सांगतात आणि ऐकताना गंमत वाटते, पण तिला काही आधार नाही. आधार आहे तो घणाच्या खुणांना. इंका पाथरवटांची हत्यारे म्हणजे नदीतले कठीण गोटे होते. लहान-मोठ्या गोट्यांनी ठोकून ठोकून ते दगडाचा पृष्ठभाग कुटत आणत. १९८० च्या दशकात ज्याँ-पिएर प्रोत्झेन या अमेरिकेत शिकवणाऱ्या वास्तुतज्ज्ञाने खाणीत पडलेले असे गोटे घेऊन स्वतः प्रयोग केला, तेव्हा अँडेसाइट या ज्वालामुखीजन्य दगडाच्या एका लहानशा चिऱ्याच्या तीन बाजू सुमारे दीड तासात घडवून झाल्या. सांध्याच्या बाबतीत युक्ती अशी की, खालच्या थराचे दगड बसल्यावर त्यांच्या वरच्या बाजूत वरच्या दगडाच्या आकाराची बैठक कोरायची, आणि दगड ठेवून, पाहून, उचलून, पुन्हा कोरून तो जुळवायचा. हातगाडीला लावायचे चाक नव्हते, ओढायला बैल नव्हते. होता तो दोर, उतार आणि माणसे. ही माणसे ‘मिता’ या पद्धतीने येत, म्हणजे प्रत्येक वस्तीने आपल्या पाळीप्रमाणे राज्याच्या कामाला हात पुरवायचे आणि त्या काळात राज्याने त्यांना खाऊ घालायचे. साक्सायवामानच्या कामावर २०,००० माणसे होती, असे १६ व्या शतकातील स्पॅनिश बखरकार सिएसा दे लेओन याने नोंदवले आहे. त्यांतली ४,००० खाणीत आणि ६,००० दगड ओढायला.

आपण साखळीचे असल्यामुळे तांबडी सुर्ल्याचे महादेवाचे देऊळ पाहिलेच असेल. भोवती जांभा असताना कदंबकाळातल्या कारागिरांनी काळा बेसाल्ट आणून, चुना न वापरता दगडात दगड अडकवून ते उभे केले. महाराष्ट्रात ज्याला हेमाडपंती बांधणी म्हणतात त्या जातीचेच हे काम. फरक असा की, आपल्या कारागिराने दगडाला चौकोनी शिस्त लावली आणि इंका कारागिराने पुष्कळदा दगडाचा मूळ आकार राखून शेजाऱ्याला त्याच्याशी जुळवून घ्यायला लावले. कुस्कोच्या हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड याचा नमुना आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत एका माणसाने त्यावर हातोड्याचे घाव घातले आणि त्याचे तुकडे उडवले. शेकडो वर्षांच्या भूकंपांनी जे केले नाही ते एका रात्रीत झाले.

भूकंपांचा उल्लेख अभियंत्याने विशेष लक्षात घ्यावा. इंकांच्या भिंती तळाशी रुंद, वर निमुळत्या आणि आतल्या बाजूला किंचित कललेल्या असतात. दारे-कोनाडेही खाली रुंद व वर अरुंद. हादरा बसला की चुना नसलेले दगड जागच्या जागी थोडे हलतात आणि पुन्हा बसतात. १६५० आणि १९५० या दोन मोठ्या भूकंपांत स्पॅनिश बांधकामे कोसळली आणि त्यांच्याखालच्या इंका भिंती बव्हंशी उभ्या राहिल्या.

हे सारे पाहायला शहराबाहेरचे चार अवशेष पुरेसे आहेत, पण ते खालून वर पाहू नयेत. सकाळी टॅक्सीने सर्वांत दूरच्या ताम्बोमाचायला जावे. तिथे कोरीव दगडी पन्हळींतून झऱ्याचे पाणी आजही पडते, आणि ते पाहताना आपल्याकडच्या देवळाच्या झरीची आठवण येते. रस्त्यापलीकडेच पुका पुकारा ही लालसर दगडाची ठाण्यासारखी वास्तू आहे. तिथून उतारावरून पायी निघाले की केन्को लागते. हा एक नैसर्गिक चुनखडीचा खडक असून त्यातच पायऱ्या, नागमोडी पन्हळी आणि पोटात एक थंडगार दालन कोरलेले आहे. सर्वांत शेवटी साक्सायवामान. एकावर एक असे तीन नागमोडी तट, आणि खालच्या तटात असे दगड की त्यांतल्या सर्वांत मोठ्याचे वजन १०० टनांहून अधिक धरतात. हे तट किल्ल्याचे की पूजास्थानाचे, यावर अभ्यासकांचा वाद आहे. १५३६ मध्ये स्पॅनिशांविरुद्ध उठलेल्या मान्को इंका या राजाने कुस्कोला वेढा घातला, तेव्हा त्याच्या सैन्याने मात्र ते किल्ला म्हणूनच वापरले. आज दिसतात ते उचलता न आलेले दगड. वरचे, हलके दगड स्पॅनिशांनी शहरातली घरे आणि चर्चे बांधायला उतरवून नेले, आणि साक्सायवामान कित्येक शतके कुस्कोची फुकटची खाण होऊन राहिले.

प्रश्न : कुस्कोचे सूर्यमंदिर पाडून त्यावर चर्च बांधले, असे आपण लिहिले होते. मंदिरातले आज काही उरले आहे का? आमच्या घराण्याची देवीही जुन्या काबिजादीतून, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागातून, नदीपार आणलेली आहे, म्हणून विचारतो. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : उरले आहे, आणि आपल्यासारख्या माणसाने ते आवर्जून पाहावे असे आहे. कोरिकांचा म्हणजे सोन्याचे आवार. १५३२ मध्ये आताहुआल्पा या इंका राजाला काहामार्का येथे कैद करून स्पॅनिशांनी खंडणी मागितली, तेव्हा तीन शिपाई पुढे कुस्कोला गेले आणि या मंदिराच्या भिंतींवरचे सोन्याचे सुमारे ७०० पत्रे त्यांनी पहारींनी उचकटून काढले. खंडणी देऊनही आताहुआल्पाला मारण्यात आले, आणि १५३३ च्या नोव्हेंबरात स्पॅनिशांचा म्होरक्या पिसारो कुस्कोत शिरला. पुढे ही जागा डॉमिनिकन पाद्र्यांना मिळाली आणि त्यांनी तिथे सांतो दोमिंगोचे चर्च व मठ बांधला. पाया नवा घालण्याची गरज पडली नाही. चर्चच्या मागच्या बाजूला गेलात की काळ्या, गुळगुळीत, वळणदार इंका भिंतीवर वरचे बांधकाम सरळ उभे केलेले दिसते. १९५० च्या भूकंपात मठाचा मोठा भाग ढासळला तेव्हा त्याच्या गिलाव्याआड दडलेली इंका दालने उघडी पडली, आणि मठ दुरुस्त करताना ती झाकायची नाहीत असे पुष्कळ चर्चेनंतर ठरले. त्यामुळे आज कमानींच्या ओवरीत उभे राहून समोर इंकांच्या कोनाड्यांच्या भिंती पाहता येतात. मी तिथे दोन तास बसलो होतो. जुन्या गोव्यात आदिलशाही वाड्याचे एकटे उरलेले दार पाहताना जो अस्वस्थपणा येतो त्याहून हा वेगळा आहे, कारण इथे दोन्ही वास्तू एकमेकींच्या अंगावर उभ्या आहेत आणि एकीला हात लावायचा तर दुसरी हलते.

आपल्या देवीच्या उल्लेखामुळे एक तुलना सुचते. गोवा १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेला, कुस्को १५३३ मध्ये स्पॅनिशांच्या. पुढे देवळांवर गदा आली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आणि वेर्ण्याची महालसा म्हार्दोळला नेता आली, कारण नदीपलीकडच्या अंत्रुजात (फोंडा महालात) राज्य दुसऱ्याचे होते. कुस्कोतल्या लोकांचे सर्वांत पवित्र धन म्हणजे मृत इंका राजांचे जतन करून ठेवलेले देह, ज्यांना ते नैवेद्य दाखवत, वस्त्रे नेसवत आणि सणाला मिरवत. तेही त्यांनी गावोगाव लपवत फिरवले, पण १५५९ मध्ये पोलो दे ओन्देगार्दो या अधिकाऱ्याने त्यांतले बरेचसे शोधून काढून जप्त केले. पलीकडचा काठ असा एकच होता, मान्को इंकाने विल्काबांबाच्या जंगलात मांडलेले छोटे राज्य, आणि तेही १५७२ मध्ये बुडाले. त्या वर्षी शेवटचा इंका तुपाक आमारू याचा कुस्कोच्या चौकात शिरच्छेद झाला.

मिरवणूक मात्र थांबली नाही. कॉर्पुस क्रिस्तीच्या सणाला शहरातल्या वेगवेगळ्या चर्चांतून १५ संतांच्या व मारियेच्या मूर्ती खांद्यांवरून कॅथेड्रलला येतात. राजांच्या देहांची मिरवणूक जिथे निघत असे तिथेच ही निघते, असे कुस्कोचे लोकच सांगतात. लेंटमध्ये गोवा वेल्हाला संतांची मिरवणूक पाहिलेल्या कोणालाही तिथली गर्दी, वाजंत्री आणि खाण्याची दुकाने परकी वाटणार नाहीत. कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाता या १८ व्या शतकातील चित्रकाराचे शेवटच्या भोजनाचे चित्र आहे. त्यात येशूपुढच्या ताटात गिनीपिग वाढलेला आहे, कारण कुस्कोत सणाचे जेवण म्हणजे तेच.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी तर राहणार नाही ना? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : राहणार नाही. बटाट्याचे तर ते माहेरच आहे, आणि नाना रंगांचे बटाटे, टपोऱ्या दाण्यांची मक्याची कणसे, किन्वा, चीज व फळे सर्वत्र मिळतात. सूप मात्र विचारून घ्यावे, कारण भाज्यांच्या सुपालाही पुष्कळदा कोंबडीच्या किंवा हाडांच्या पाण्याचा आधार असतो. ‘सिन कार्ने’ (मांस नको) एवढेच म्हटले तर कोंबडी आणि मासळी चालते असा समज होऊ शकतो, म्हणून ‘सिन पोयो, सिन पेस्कादो’ (कोंबडी नको, मासळी नको) हेही जोडावे. घरात पोर्तुगीज जाणणारी वडीलधारी मंडळी असतील तर त्यांना बरोबर न्यावे. त्यांचे पोर्तुगीज स्पॅनिश बोलणाऱ्यांना समजते.

प्रश्न : मारासची मिठागरे पाहण्यासारखी आहेत का? आमचे आजोबा आगरात काम करीत. (एक वाचक, पेडणे)

उत्तर : आपण तर जायलाच हवे. आपण भरतीचे पाणी मानशीतून (बांधातल्या झडपेतून) आत घेतो. तिथे ३,००० मीटरहून उंच डोंगरात जमिनीतूनच खारट झरा फुटतो आणि ते पाणी बारीक पाटांनी उतारावरच्या ३,००० हून अधिक वाफ्यांत खेळवतात. एकेक वाफा एकेका कुटुंबाकडे असतो. पाणी कोणाच्या वाफ्यात केव्हा सोडायचे, केव्हा बंद करायचे आणि मीठ केव्हा ओढायचे, हे आजोबांकडून ऐकलेले आपल्याला तिथे न सांगता कळेल. कोरड्या हंगामात गेलात तर काम चालू असलेले दिसेल. जवळच मोराय येथे इंकांची वर्तुळाकार उतरत्या पायऱ्यांची शेते आहेत. दोन्ही मिळून अर्धा दिवस पुरतो.

प्रश्न : कोकाच्या पानांचा चहा घ्यावा का? येताना थोडी पाने आणता येतील का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : चहा अवश्य घ्यावा, पेरूत तो कायदेशीर आहे आणि निवासस्थानी शिरताच पुढ्यात येतो. उंचीच्या त्रासावर तो औषधाची जागा घेईल असे समजू नये, पण थंडीत बरा वाटतो. पाने किंवा चहाच्या पुड्या मात्र आणू नयेत. भारतात कोकाचे पान १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येते, आणि विमान बदलताना वाटेत लागणाऱ्या देशांतही अडचण होऊ शकते. निवासस्थानातून सौजन्याने दिलेली पुडी कोटाच्या खिशात राहून जाते, तेव्हा कुस्को सोडण्याच्या सकाळी सगळे खिसे एकदा उलटे करून पाहावेत.